कुळाचे भय : एच. पी. लव्हक्राफ्टच्या आरंभीच्या कथा

भयकथेकडे आपल्या समीक्षेने बहुधा करमणुकीचा प्रकार म्हणूनच पाहिले आहे. प्रवासात वाचायची आणि उतरताना बाकावर विसरून जायची अशी ती चीज. हे मत मला मान्य नाही. एखाद्या समाजाला कशाची भीती वाटते, कशाची किळस येते, हे त्याच्या भयकथांत जितके उघडे पडते तितके त्याच्या प्रतिष्ठित कादंबऱ्यांत पडत नाही. प्रतिष्ठित लेखक सावध असतो. भयकथाकाराला मात्र वाचकाच्या अंगावर काटा आणायचा असतो, आणि काटा कशाने येतो हे त्याला आपल्या समाजाकडूनच उसने घ्यावे लागते. किळस ही निसर्गाने दिलेली नसते, ती लहानपणापासून शिकवलेली असते, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. विटाळाची कल्पना ज्यांच्या अंगावरून गेली आहे त्यांना किळसेचे समाजशास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही.

ह्याच दृष्टीने मी एच. पी. लव्हक्राफ्ट ह्या अमेरिकन भयकथाकाराच्या १९१७ ते १९२१ ह्या काळातील कथा क्रमाने वाचल्या. पाश्चात्त्य भयकथेत एडगर ॲलन पो याच्यानंतर ज्याचे नाव घेतले जाते तो हा लेखक. त्याच्या उत्तरकालीन कथांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला आरंभीच्या कथा महत्त्वाच्या वाटतात, कारण लेखकाचे हात अजून बसलेले नसतात तेव्हा त्याचे मन लपत नाही. ह्या कथांना मी एकच प्रश्न विचारला : ह्यांतले भय कोणाचे आहे आणि ते कोणाविषयी आहे?

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट याचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी र्‍होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स ह्या शहरात झाला. १८९३ साली त्याच्या वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि १८९८ साली ते तेथेच वारले. आईकडचे आजोबा सधन होते. १९०४ साली ते गेले आणि त्यांच्यामागे राहते घरही गेले. मुलाचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. १९१९ साली आईलाही त्याच रुग्णालयात दाखल करावे लागले आणि १९२१ साली तीही तेथेच वारली. पैसा गेला, घर गेले, पदवी मिळाली नाही, नोकरी नव्हती. उरले काय? आपण जुन्या इंग्रज कुळातले आहोत, एवढी एकच गोष्ट उरली. माणसाजवळ मिळवलेले काही नसले की जन्माने आलेलेच तो छातीशी धरून बसतो. आपल्याकडेही ह्याची उदाहरणे गल्लोगल्ली सापडतील.

हे सांगून मी लव्हक्राफ्टसाठी सवलत मागत नाही. घरे अनेकांची बुडतात, ते सगळेच द्वेषाकडे वळत नाहीत. लव्हक्राफ्ट वळला, आणि जाणूनबुजून वळला. १९१२ साली त्याने एक छोटी कविता लिहिली. तीत कृष्णवर्णीयांना माणूस आणि पशू यांच्यामधली जागा दिली आहे. १९१५ साली त्याने ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ नावाचे स्वतःचे हौशी नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्याच अंकात महायुद्धाविषयी त्याची तक्रार अशी होती की इंग्रज आणि जर्मन हे एकाच श्रेष्ठ वंशाचे भाऊ एकमेकांचे रक्त सांडीत आहेत. माणसे मरत आहेत हे त्याचे दुःख नव्हते, उच्च रक्त वाया जात आहे हे होते.

ह्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ९ मे १९१६ रोजी त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध तेथे वाचला आणि जातीचे मर्म आपल्याच गटात लग्न करण्याच्या बंधनात आहे असे मांडले. त्याच वर्षी, त्याच शहरात मॅडिसन ग्रँट याचे ‘द पासिंग ऑफ द ग्रेट रेस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोऱ्या उत्तर युरोपीय वंशाचे रक्त भेसळीने बिघडत चालले आहे असा आक्रोश त्यात होता. एकीकडे रक्ताच्या शुद्धतेचे बंधन माणसांनीच कसे उभे केले हे दाखवणारा तरुण, दुसरीकडे तेच बंधन निसर्गनियम म्हणून विकणारा ग्रंथकार. लव्हक्राफ्टच्या कथा ह्या दुसऱ्या हवेत जन्मल्या.

पहिल्याच दोन कथा घ्या. दोन्ही १९१७ च्या उन्हाळ्यातल्या. ‘द टूम’ मधला तरुण एका जुन्या, जळून गेलेल्या घराण्याच्या थडग्याने झपाटला जातो. आईकडून त्या घराण्याशी आपला दूरचा संबंध आहे हे कळताच त्याला वाटते की आपली खरी जागा त्या थडग्यात आहे. शेवटी आत एक रिकामी शवपेटी सापडते आणि तिच्यावर त्याचेच नाव असते. ह्या माणसाला जगण्यापेक्षा पूर्वजांत जाऊन झोपणे प्रिय आहे. ‘डेगॉन’ मध्ये महायुद्धात जर्मनांच्या हातून निसटलेला एक खलाशी पॅसिफिक महासागरातून वर आलेल्या चिखलाच्या विस्तीर्ण भूमीवर एकटाच जागा होतो. तेथे एक शिलास्तंभ आणि त्यावर कोरलेल्या आकृती : मासे, पण माणसांसारखे. त्याला भीती वाटते ती प्राण्याची नव्हे, साम्याची. ही खूण लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

१९१९ हे अमेरिकेच्या इतिहासातले रक्ताळलेले वर्ष. त्या उन्हाळ्यात अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर हल्ले केले. एकट्या शिकागोत ३८ माणसे मेली. त्याच वर्षी क्लॉड मके ह्या जमैकाहून आलेल्या कवीने ‘इफ वी मस्ट डाय’ हे सुनीत लिहिले. आणि त्याच वर्षी लव्हक्राफ्टने ‘द स्ट्रीट’ लिहिली. बॉस्टनमधील पोलिसांच्या संपावरून ही कथा सुचल्याचे त्याने स्वतः पत्रात सांगितले आहे. कथेत एक रस्ता आहे. तो गोऱ्या वसाहतवाल्यांनी बांधला, त्यांच्या सद्गुणांनी तो पवित्र झाला. पुढे परदेशातून आलेली काळ्यासावळ्या चेहऱ्यांची गरीब माणसे तेथे राहू लागली आणि क्रांतीचा कट करू लागली. ४ जुलैच्या बेतापूर्वी तो रस्ताच त्यांच्यावर कोसळतो. संपूर्ण कथेत ह्या माणसांपैकी एकालाही नाव नाही, घर नाही, भूक नाही. आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी? ते आरंभी रानात पेटते बाण घेऊन दबा धरून बसतात आणि नंतर कथेतून नाहीसे होतात. ज्यांनी दुसऱ्याच्या जमिनीवर येऊन रस्ता बांधला ते ‘आपले’, आणि त्यांच्यामागून जे पोट भरायला आले ते ‘परके’, हा हिशेब कोणत्या गणिताने बरोबर ठरतो?

१९२० च्या आरंभीची ‘द टेरिबल ओल्ड मॅन’ ही त्याच हिशेबाची छोटी आवृत्ती. एका म्हाताऱ्या कप्तानाला लुटायला तीन चोर येतात आणि त्यांची प्रेते विद्रूप अवस्थेत सापडतात. चोरांची नावे रिची, झानेक, सिल्वा : एक इटालियन, एक पोलिश, एक पोर्तुगीज. नेमके हेच लोक त्या काळात प्रॉव्हिडन्सच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबत होते. लेखकाने चोर कल्पनेतून आणले नाहीत, आपल्या गावच्या मजूरवस्तीतून उचलले.

ह्या दोन्ही कथा कथा म्हणूनही फसलेल्या आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांत भीती नाही, फक्त समाधान आहे. लेखकाला स्वतःच्या श्रेष्ठत्वाविषयी शंका नाही, त्यामुळे त्याला शोधायचे असे काहीच उरत नाही. द्वेष अनैतिक असतो एवढेच म्हणून समीक्षकाने थांबू नये. द्वेष आळशीही असतो. तो समोरच्या माणसाकडे पाहण्याचे कष्ट घेत नाही, आणि जो पाहत नाही त्याला लिहिता येत नाही.

‘बियाँड द वॉल ऑफ स्लीप’ (१९१९) ही कथा आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावी. जो स्लेटर हा कॅट्सकिल डोंगरातला गोरा, पण दरिद्री आणि निरक्षर माणूस. शेजाऱ्याचा खून करून तो वेड्यांच्या रुग्णालयात येतो. झोपेतून उठताना तो प्रकाशाचे महाल, आकाशातले प्रवास, अफाट शत्रू यांविषयी बोलतो. तेथला तरुण डॉक्टर चकित होतो. अशा गावंढळ माणसाच्या डोक्यात एवढी भव्य दृश्ये येतील कशी? उत्तर त्याच्या तोंडाशीच असते : ती त्याची नाहीतच. त्याच्या देहात एक तेजोमय विश्वजीव कोंडला आहे, दृश्ये त्याची आहेत. शेवटी तो जीव मुक्त होतो आणि स्लेटरचा देह आपल्या योग्यतेचा नव्हता असे सांगून जातो.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. प्रतिभा ही उच्चकुलीन वस्तू आहे, ती खालच्या देहात आढळली तर ती दुसऱ्या कोणाची तरी असली पाहिजे. आपल्याकडे दलित लेखन प्रथम आले तेव्हा ‘हा अनुभव दाहक आहे, पण ही कला आहे काय?’ असा प्रश्न विचारणारे ह्या डॉक्टरचेच सहाध्यायी. लव्हक्राफ्टला एका निरक्षर डोंगरी माणसाची कल्पनाशक्ती मान्य करण्यापेक्षा दुसऱ्या ताऱ्यावरचा जीव मान्य करणे सोपे गेले! जात विश्वासाच्या सीमा कशा आखते ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे क्वचितच मिळाले आहे. आणि येथे जात गोऱ्यांतलीच आहे, म्हणजे रंगापाशी ती थांबत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता ह्या काळातली सर्वांत बोलकी कथा : ‘आर्थर जर्मिन’ (१९२०). इंग्लंडमधले एक सरदार घराणे. अठराव्या शतकात त्यातला एक संशोधक काँगोत जातो आणि एक पत्नी घेऊन येतो. ती पोर्तुगीज व्यापाऱ्याची मुलगी आहे असे तो सांगतो, पण तिला कोणासमोर येऊ देत नाही. पुढच्या पिढ्या विचित्र निघतात. शेवटचा वंशज आर्थर हा कवी आणि विद्वान. पूर्वजाचे कोडे सोडवण्यासाठी तो काँगोत जातो. नंतर एक बेल्जियन व्यापारी अधिकारी त्याला एका पेटीतून तेथल्या ‘देवी’चे वाळवलेले शव पाठवतो. ते एका पांढऱ्या वानरीचे असते. गळ्यात जर्मिन घराण्याचे चिन्ह, आणि चेहरा आर्थरसारखा. आर्थर अंगावर तेल ओतून स्वतःला जाळून घेतो.

कथा परिणामकारक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘द स्ट्रीट’ पेक्षा ती कितीतरी वरची आहे. का? कारण येथे लेखक घाबरला आहे. परका दारात आलेला नाही, तो रक्तातच होता. ज्या कुळाच्या आधारावर लेखक उभा आहे त्याचेच मूळ संशयास्पद निघाले तर? जातिश्रेष्ठत्व मानणाऱ्या प्रत्येकाच्या मनाच्या तळाशी हा प्रश्न असतो. म्हणून तर तो वंशावळी जपतो, सोयरिकींवर पहारा ठेवतो. बाबासाहेबांनी ज्या बंधनाला जातीचे मर्म म्हटले ते बंधन एकदा मोडले की काय होईल, ह्या धास्तीची ही कथा आहे. तिच्यात आर्थरचा स्वतःचा गुन्हा काहीच नाही. तो सुसंस्कृत आहे, प्रेमळ आहे. पण जन्म कळताच त्याची सारी कविता आणि विद्या फोल ठरते, आणि लेखकाला त्याच्यासाठी आगीशिवाय जागा सापडत नाही. विद्वानांची संस्था तर असा माणूस झालाच नव्हता असे म्हणायला तयार होते.

आणि काँगो? कथेतले प्रसंग १९११ ते १९१३ च्या सुमाराचे आहेत. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८८५ ते १९०८ ह्या काळात त्या देशावर खाजगी मालमत्तेसारखे राज्य केले. रबरासाठी गावेच्या गावे वेठीला धरली, माणसांचे हात तोडले गेले. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ सालीच जगापुढे आला होता. लव्हक्राफ्टच्या कथेत तेथली एक जमात बेल्जियन सरकारची आज्ञाधारक चाकर झाली आहे एवढा उल्लेख येतो, तोही देवीचे शव मिळवणे सोपे गेले हे सांगण्यापुरता. ज्या भूमीवर त्या काळातले खरे भय घडले त्या भूमीत जाऊन ह्या भयकथाकाराला भय दिसले ते एका मिश्र विवाहाचे. तोडलेले हात दिसले नाहीत.

तरीही हा लेखक एका ठिकाणी स्वतःच्याही पुढे जातो. डिसेंबर १९२० मधील ‘द पिक्चर इन द हाउस’ मध्ये पावसात अडकलेला प्रवासी न्यू इंग्लंडमधल्या एका एकाकी घरात शिरतो. तेथे एक म्हातारा गोरा माणूस आहे आणि काँगोविषयीचे १५९८ सालचे एक सचित्र पुस्तक आहे. त्यात नरभक्षकांच्या खाटकखान्याचे चित्र आहे. म्हाताऱ्याला ते फार आवडते. ते पाहून पाहून त्याला भूक लागते, आणि छतातून रक्ताचा थेंब त्या पानावर पडतो. चित्रकाराने आफ्रिकी माणसांना गोऱ्यांचे चेहरे दिले आहेत, असे निवेदक मध्येच नोंदवतो. ह्या तपशिलाचा अर्थ लव्हक्राफ्टने कितपत ओळखला होता, हे महत्त्वाचे नाही. कथेने तो ओळखला आहे. नरभक्षक आफ्रिकेत शोधायला गेलेल्या नजरेला तो आपल्याच धर्मनिष्ठ पूर्वजांच्या घरात बसलेला सापडतो, आणि त्याचा चेहरा चित्रात आधीच काढलेला असतो.

१९२१ सालची ‘द आउटसायडर’ ही ह्या टप्प्यातली सर्वांत प्रसिद्ध कथा. एका अंधाऱ्या गढीत एकटा वाढलेला निवेदक. पुस्तकांखेरीज सोबत नाही, उजेड पाहिलेला नाही. एक दिवस तो पडक्या बुरुजावर चढतो आणि वर पोहोचतो तो जमिनीवरच निघतो, म्हणजे आतापर्यंत तो जमिनीखाली राहत होता. दूर दिव्यांनी झगमगणारा वाडा दिसतो, गाणे ऐकू येते. तो आनंदाने आत शिरतो आणि सगळे किंचाळत पळतात. ते कशाला भ्याले हे पाहायला तो वळतो, समोर एक भयंकर आकृती दिसते. हात पुढे करतो तेव्हा बोटांना लागते ती आरशाची थंड काच.

ही कथा वाचून स्वस्थ राहणे आपल्यापैकी कोणालाही कठीण जावे. खालून वर आलेला माणूस, सोबतीची ओढ, आणि त्याला पाहताच रिकामे होणारे दालन! एवढ्या एका कथेत लव्हक्राफ्ट पळणाऱ्यांच्या बाजूला नाही, ज्याला पाहून पळतात त्याच्या आत आहे. पण शेवटी तो काय करतो? निवेदक आरसा पाहतो आणि जमावाचा निकाल मान्य करतो. मी भयंकरच आहे, माझी जागा पिशाचांत आणि रात्रीतच, असे ठरवून तो निघून जातो. त्याला तेथे एक रानटी स्वातंत्र्य मिळते, पण ते माणसांपासून दूर.

कोणी म्हणेल, तो खरोखरच प्रेत आहे, आरसा खोटे बोलत नाही, यात समाज कोठून आणता? कथेच्या तर्कात तो प्रेत आहे हे खरे. पण लेखकाने त्याला आधी मन दिले, वाचन दिले, एकटेपणाचे दुःख दिले. सारी कथा आपण त्या मनातूनच पाहिली. मग काचेतल्या एका प्रतिमेने ते मन रद्द कसे झाले? तो आरसा पळणाऱ्यांच्या वाड्यातला होता, हे निवेदकाला सुचले नाही. आपल्याला ते सुचले पाहिजे.

ह्या कथेशेजारी मी दुसरी एक कथा ठेवतो. १९२० साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या ‘डार्कवॉटर’ ह्या ग्रंथात ‘द कॉमेट’ ही कथा आली. हे तेच डु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली अस्पृश्यांच्या प्रश्नाविषयी पत्र लिहिले होते. कथेतला जिम डेव्हिस हा न्यूयॉर्कच्या एका बँकेतला कृष्णवर्णीय निरोप्या. त्याला तळघरात पाठवलेले असताना धूमकेतूच्या विषारी वायूने शहर मरते. तोही खालून वर येतो. काल ज्या उपाहारगृहात त्याला कोणी वाढले नसते तेथे तो आज स्वतःच्या हाताने घेऊन जेवतो. जिवंत उरलेली एक श्रीमंत गोरी स्त्री त्याला भेटते, आणि काही तास ती दोघे केवळ दोन माणसे असतात. मग तिचा बाप येतो. मेले ते फक्त न्यूयॉर्क, बाकीचे जग शाबूत आहे. आणि जग शाबूत आहे हे कळताच जिमकडे पाहणाऱ्या डोळ्यांत पुन्हा संशय येतो, त्याला फासावर चढवण्याची भाषा सुरू होते.

दोघेही जमिनीखालून वर आले. एका कथेत भयंकर आहे तो वर येणारा. दुसऱ्या कथेत भयंकर आहे ती वरची, सुरळीत चालणारी दुनिया. एका वर्षाच्या अंतराने, एकाच देशात लिहिलेल्या ह्या दोन कथांतले अंतर हे तंत्रातले अंतर नव्हे. कोण कोठून पाहतो, ह्यातले ते अंतर आहे. कलावादी समीक्षकाने ह्याला साहित्यबाह्य म्हणून बाजूला काढू नये. लव्हक्राफ्टच्या कथांतून वंशद्वेष वगळा आणि मग भय शिल्लक राहते का पाहा. ‘आर्थर जर्मिन’ मध्ये काय उरेल?

लव्हक्राफ्ट १५ मार्च १९३७ रोजी गरिबीत वारला. कीर्ती नंतर आली. जागतिक पातळीवरच्या ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्काराचे स्मृतिचिन्ह म्हणून त्याचाच अर्धपुतळा दिला जात असे. २०११ साली तो नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांना मिळाला, आणि १९१२ च्या त्या कवितेची त्यांनी जाहीरपणे चर्चा केली. २०१५ नंतर तो पुतळा देणे बंद झाले. हे योग्यच झाले. सन्मान स्वीकारताना हातात कोणाचे मस्तक घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याला असलाच पाहिजे.

पण पुतळा हटवणे वेगळे आणि पुस्तक मिटवणे वेगळे. लव्हक्राफ्टला वाळीत टाका असे मी म्हणणार नाही. वाळीत टाकणे ही ज्यांची रीत आहे त्यांची ती त्यांनाच लखलाभ असो. २०१६ साली व्हिक्टर लाव्हाल ह्या कृष्णवर्णीय लेखकाने ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ ह्या छोट्या कादंबरीत लव्हक्राफ्टची १९२५ सालची ‘द हॉरर ॲट रेड हुक’ ही विखारी कथा घेतली आणि ती हार्लेममधल्या एका काळ्या तरुणाच्या डोळ्यांनी पुन्हा सांगितली. हे मला खरे उत्तर वाटते. ज्या वस्तीला मूळ लेखकाने सैतानाचे बीळ म्हटले, तेथल्या माणसाला नाव, बाप, घर आणि राग मिळाला.

म्हणून ह्या कथा आपण वाचाव्यात. श्रेष्ठत्वाचा अहंकार जेव्हा एकटा असतो, दार लावून बसलेला असतो, तेव्हा तो किती घाबरलेला असतो हे त्या दाखवतात. त्यांच्या आरशात आपण आपले तोंड पाहायला जाऊ नये. तो आरसा ज्याने टांगला त्याचे तोंड मात्र त्यात स्वच्छ दिसते.